नागपूरची रद्दी आणि जंक जर्नल

झिजलेल्या दोरखंडांना इंग्रज खलाशी 'जंक' म्हणत. ते फेकत नसत. पिंजून त्याचा काथ्या करत आणि जहाजाच्या फटी बुजवत. जंक जर्नल हे नाव त्याच शब्दावरून आलंय. जुनी पाकिटं, तिकिटं, पावत्या, चिंध्या यांची हातानं शिवलेली वही, एवढाच त्याचा अर्थ.

पाश्चात्त्य देशांत चिकटवह्यांचा नाद जुना. मार्क ट्वेननं १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं होतं. जर्मन चित्रकार कुर्त श्विटर्सनं १९१९ पासून ट्रामची तिकिटं आणि वेष्टनं चिकटवून चित्रं केली. पुढं अमेरिकेत स्क्रॅपबुकिंगचा मोठा बाजार झाला, खास कागद, खास स्टिकर. जंक जर्नल हा त्या खर्चावरचा उतारा.

आपल्या घरांत मात्र कात्रणवही होतीच. मागच्या वर्षीची डायरी, त्यात पेपरातल्या पाककृती, आणि चिकटवायला मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून बाइंडर त्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकत. त्याला कोणी छंद म्हटलं नाही, इतकंच.

नागपूरच्या रद्दीला तर वेगळंच वजन आहे. हे शहर आधी मध्यप्रांत व वऱ्हाडची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी. त्यामुळं जुन्या पेटीतून मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले कागद निघतात. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथंच येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत. म्हणजे कलकत्त्याहून मुंबईला गेलेलं त्या काळातलं एखादं पाकीट नागपूरच्या धावपट्टीवर थांबून गेलेलं असू शकतं. जर्नलच्या पानावर ते चिकटवताना हे ठाऊक असलं की मजा वाढते.

आता ऑनलाइन 'व्हिंटेज' कागदांचे तयार संच मिळतात, चहाच्या पाण्यानं पिवळे केल्यासारखे छापलेले. बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जुनी पुस्तकं आणि घरोघरी रद्दी असताना ते विकत घेणं मला काही पटत नाही.

एक मात्र आहे. आजोबांच्या पेटीत जुना स्टॅम्पपेपर सापडला तर कात्री लावू नका. झेरॉक्स चिकटवा; मूळ कागद शेतीच्या वादात कधी लागेल, सांगता येत नाही.