‘गेल्या वर्षीचीच घ्या, फक्त तारीख बदला’
आमच्याकडे छपाई करून घेणाऱ्या महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. वार्तापत्र, कार्यक्रमपत्रिका, प्रवेशाची पत्रकं, प्रमाणपत्रं, स्टँडी अशी कामं घेऊन नाशिकमधली महाविद्यालयं, अभ्यासकेंद्रं आणि छोटे कौशल्य-अभ्यासक्रम चालवणारी कम्युनिटी कॉलेजं आमच्याकडे येतात. कधी सर किंवा मॅडम स्वतः येतात, कधी ऑफिसचे मामा, तर कधी पेनड्राइव्ह खिशात टाकून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी. कागद कोणता, ऑफसेट परवडेल की डिजिटल, हे तुम्हा बहुतेकांना आता पाठ आहे, म्हणून त्यावर इथे लिहीत नाही. लिहायचंय ते एका वाक्याबद्दल.

‘काही नाही हो, गेल्या वर्षीचीच पत्रिका घ्या, फक्त तारीख बदला.’

सांगणाऱ्याला वाटतं, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे सगळ्यात जास्त फेऱ्या याच कामाच्या होतात. नवं मॅटर आणणारा माणूस ते निदान एकदा तरी वाचून आणतो. जुनं मॅटर मात्र कुणीच वाचत नाही. एकदा छापून झालंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून ते थेट आमच्याकडे येतं. चूक दिसते तेव्हा गठ्ठे बांधून झालेले असतात, आणि ती दिसते बहुधा प्राचार्यांना.

तारखेबरोबर काय काय हलतं

सगळ्यात आधी हलतो वार. मराठी भाषा गौरव दिनाचं उदाहरण घेऊ, कारण कुसुमाग्रजांच्या गावात हा कार्यक्रम कोणतंही कॉलेज चुकवत नाही. २७ फेब्रुवारी २०२६ ला शुक्रवार, २०२७ ला शनिवार आणि २०२८ ला रविवार. २०२८ लीप वर्ष असल्यामुळे २०२९ ला एकदम मंगळवार. म्हणजे या कार्यक्रमात तारीख तीच राहते, बदलतो तो फक्त वार, आणि नेमका तोच जुना राहून जातो. वाचणारा बुचकळ्यात पडतो की तारखेवर विश्वास ठेवायचा की वारावर. त्याच जुन्या फायलींमध्ये या दिवसाला ‘मराठी राजभाषा दिन’ म्हटलेलंही सापडतं. तो १ मे रोजी असतो.

पत्रिकेवर तिथी आणि शके देण्याची पद्धत काही संस्थांनी टिकवली आहे, आम्हालाही ती आवडते. पण तिथी दरवर्षी नव्याने पंचांगात पाहावी लागते, आणि शके गुढीपाडव्याला बदलतं, १ जानेवारीला नाही.

मग येतो आकडा. ‘३५ वे वार्षिक स्नेहसंमेलन’चं ३६ वे करणं सोपं वाटतं. पण करोनाच्या काळात ज्या कॉलेजांचं संमेलन झालंच नाही, त्यांतल्या काहींनी ती वर्षं मोजली आहेत आणि काहींनी सोडून दिली आहेत. वर्धापनदिनाचंही तसंच. १९८४ ला सुरू झालेल्या संस्थेला २०२४ मध्ये ४० वर्षं पूर्ण झाली आणि ४१ वं लागलं. स्टँडीवर एक आणि स्मृतिचिन्हावर दुसरं असं झालं की व्यासपीठावरच चर्चा सुरू होते. त्यामुळे आकडा आम्ही अंदाजाने वाढवत नाही, तुमच्याकडून लिहून घेतो.

पदं आणि नावं हा सगळ्यात नाजूक भाग. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, प्राचार्य निवृत्त होतात, ‘प्रभारी’ हा शब्द कधी लागतो तर कधी काढायचा असतो. विद्यार्थी समितीतली मुलं तर पदवी घेऊन बाहेरही पडलेली असतात. त्याहून अवघड म्हणजे देणगीदारांची यादी. वर्षभरात कुणी निवर्तलं असेल आणि पत्रिकेत नाव ‘मा. श्री.’ असंच आलं, तर त्या घरचे लोक ती पत्रिका हातात घेऊन काय म्हणतील? अशा चुकीवर पांढरी पट्टी चिकटवून चालत नाही. यादी संस्थेतल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे. आम्ही कितीही बारकाईने वाचलं तरी हे आम्हाला कळण्यासारखं नाही.

काही बदल शासनदरबारी होतात आणि जुन्या फायलींना त्याचा पत्ता नसतो. पाहुणे अहमदनगरहून आले होते, आता ते अहिल्यानगरहून येतात. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ साली लागलं, तरी नुसतं ‘पुणे विद्यापीठाशी संलग्न’ लिहिलेलं प्रमाणपत्र आजही आमच्या टेबलावर येतं. कुणी मुद्दाम करत नाही. एका फायलीची दुसरी, दुसरीची तिसरी अशी नक्कल होत तळाची ती ओळ पिढीजात चालत आलेली असते. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, श्रेणीही तपासा. तिला मुदत असते, साधारणपणे पाच वर्षांची. शेवटी हे सगळं तुमच्या लेटरहेडखाली छापलं जाणार आहे.

अभ्यासक्रमांच्या पत्रकात तर तारीख एक नसतेच

हे खास कम्युनिटी कॉलेजं आणि अभ्यासकेंद्रांसाठी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात असल्यामुळे नोकरी-घर सांभाळून शिकणारा विद्यार्थी नाशिकला नवा नाही. शिवणकाम, रुग्णसेवा, मोबाइल दुरुस्ती, टॅली अशा छोट्या अभ्यासक्रमांच्या पत्रकांचं काम आमच्याकडे बारा महिने असतं. बॅच वर्षातून दोन-तीनदा निघते, त्यामुळे ‘फक्त तारीख बदला’ हेही वर्षातून दोन-तीनदा होतं.

अशा एका पत्रकात साधारण पाच तारखा असतात: अर्ज कधी मिळतील, शेवटची तारीख, विलंब शुल्कासह शेवटची तारीख, वर्ग सुरू होण्याची तारीख आणि परीक्षेचा महिना. फोनवर सांगितली जाते एकच, वर्ग सुरू होण्याची. बाकीच्या चार मागच्या बॅचच्या तशाच राहतात. मग पत्रक असं निघतं की वर्ग जुलैत सुरू आणि प्रवेशाची शेवटची तारीख त्याआधीच्या डिसेंबरातली. सातपूर-अंबडला पाळी संपवून संध्याकाळी पत्रक वाचणारा कामगार फोन करून विचारत बसत नाही. मुदत गेली असं समजून तो पत्रक घडी घालून ठेवून देतो. तुमचा प्रवेश गेला, आणि का गेला हे तुम्हाला कधीच कळत नाही.

फी, पात्रता आणि वेळही तपासा. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर पदवीच्या रचनेचा आणि श्रेयांकांचा (क्रेडिटचा) मजकूर बदलला आहे. त्याआधीचं प्रवेशपत्रक असेल तर ते नव्यानेच लिहा. दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतं.

क्यूआर कोड डोळ्यांनी वाचता येत नाही

ही अलीकडची डोकेदुखी. नोंदणीसाठी पत्रिकेच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. तारीख बदलली, वार बदलला, पाहुण्यांचं नाव बदललं, पण कोड तोच राहिला, कारण सगळे कोड दिसायला सारखेच. स्कॅन केलं की गेल्या वर्षीचा फॉर्म उघडतो आणि ‘आता प्रतिसाद स्वीकारले जात नाहीत’ असं सांगतो. मुलांना वाटतं, नोंदणी फुल्ल झाली.

स्थळाच्या नकाशाचा कोडही असाच फसवतो. गेल्या वर्षी कार्यक्रम कालिदास कलामंदिरात होता, यंदा कॉलेजच्याच सभागृहात आहे. मजकुरात स्थळ बदललं, पण कोड पाहुण्यांना शालिमारला नेऊन सोडतो.

म्हणून कागदावर काढलेल्या प्रूफवरचा, म्हणजे छपाईआधीच्या तपासणी-प्रतीवरचा, कोड तुम्ही स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करा. स्क्रीनवरचा नको, कागदावरचाच. आकार फार लहान झाला असेल किंवा गडद पार्श्वभूमीवर बसला असेल, तर तेही तिथेच कळतं.

आम्ही लाल पेन का देतो

या सगळ्यावर आम्ही एक पद्धत ठेवली आहे, आणि तिच्याबद्दल थोडी कुरकुर आमच्या कानावर येते. जुन्या फायलीवरचं काम आम्ही फोनवर घेत नाही. गेल्या वर्षीच्या पत्रिकेची रुंद समास सोडलेली काळी-पांढरी प्रत काढून देतो, सोबत लाल पेन. बदलायचं ते खोडून बाजूला लिहायचं आणि जे तसंच ठेवायचं त्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायची. खूण नसलेली ओळ आम्ही विचारल्याशिवाय पुढे नेत नाही. शेवटी सही, नाव आणि तारीख.

‘एवढं कशाला, तुम्ही बघून घ्या ना’ असं अनेकजण म्हणतात. शुद्धलेखन आम्ही बघतोच, वार पंचांगाशी ताडतो, आणि खटकेल ते विचारतो. त्याचे वेगळे पैसे कधी लावले नाहीत. पण तुमच्या उपप्राचार्य कोण, नियोजित पाहुण्यांनी होकार दिला आहे की अजून ‘बघतो’ म्हणाले आहेत, हे दुकानात बसून कळणार कसं? पाहुणे पक्के नसतील तर तसं सांगा. बाकी सगळं तयार करून ती एक ओळ मोकळी ठेवतो आणि होकार आला की छापायला घेतो. नाव आधी छापून मग बदलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सही झाल्यानंतरच्या दुरुस्तीचे पैसे का, यावरही बोलतो. रंगीत ऑफसेटला चार प्लेट (प्रत्येक रंगासाठी छपाईचा एक पत्रा) लागतात: सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. मजकूर साध्या काळ्या अक्षरात असेल तर एक अक्षर बदलायला फक्त काळी प्लेट नव्याने करावी लागते. तोच मजकूर रंगीत पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत असेल, तर त्या रंगात जेवढ्या प्लेट आल्या तेवढ्या सगळ्या बदलतात. म्हणून आमचा सल्ला असा की तारीख, वेळ आणि नावं काळ्या अक्षरांत ठेवा, सजावट शीर्षकात करा. दिसतंही बरं, आणि ऐनवेळी बदल आलाच तर खर्च कमी होतो. कागद मशीनवर चढल्यावर मात्र छापून झालेला कागद वाया जातो, आणि त्याचे पैसे आम्हालाही कुणी परत देत नाही.

कमी प्रती असतील तर डिजिटलला प्लेटचा प्रश्नच नाही. कार्यक्रमपत्रिका शंभर-दीडशेच हव्या असतील तर आम्ही स्वतःच डिजिटल सुचवतो, ऑफसेटचा आग्रह धरत नाही.

थोडं इतर

फोटो आणि कॉलेजचा लोगो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो आणि मोठ्या स्टँडीवर फुटतो. प्रमाणपत्रासाठीची नावं हजेरीपटाचा फोटो काढून पाठवू नका, एक्सेलमध्ये युनिकोड मराठीत द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, आणि आडनावातला बिघाड कुणी माफ करत नाही. मधोमध पिन मारलेल्या वार्तापत्राची पानं चारच्या पटीत येतात, त्यामुळे पाच पानांचा मजकूर असेल तर एक पान कमी करा किंवा आठ पानं भरतील एवढा ऐवज द्या. कॉलेजच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर बॅनर लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी आधी काढा. बॅनर आम्ही छापून देऊ, परवानगी देऊ शकत नाही.

वर्षाचं एकदाच ठरवलंत तर

कॉलेजचं निम्मं वेळापत्रक आधीच पक्कं असतं. ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, २४ सप्टेंबरचा एनएसएस दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीचा युवा दिन, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी, आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. या तारखा कुणी बदलणार नाही. तरी प्रत्येक पत्रिका आदल्या दोन दिवसांत येते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत तिच्यापुढे लग्नपत्रिकांची रांग असते.

ज्या संस्था जुलैत वर्षाची यादी देतात, त्यांचे सगळे साचे आम्ही दिवाळीच्या आत एकदाच तयार करून ठेवतो. वार, तळाची ओळ, लोगो, पदं एकदाच तपासायची. मग प्रत्येक वेळी पाहुण्यांचं नाव आणि वेळ एवढंच भरायचं. अशा वेळी ‘फक्त तारीख बदला’ हे वाक्य आम्हीही हसत स्वीकारतो. साचे बनवण्याचे पैसे या संस्थांना लावत नाही, आणि गर्दीच्या महिन्यांत त्यांचं काम आधी घेतो. वार्तापत्र दर महिन्याला किंवा तिमाहीला काढणाऱ्यांसाठी ‘आगामी कार्यक्रम’ हे पानही त्याच यादीतून भरता येतं.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य पर्वस्नानं आहेत. त्या दिवसांत गावातली वाहतूक आणि छपाईचा ताण दोन्ही कसे असतील हे नाशिककरांना सांगायला नको. स्वातंत्र्य दिन आणि शिक्षक दिनाची त्या वर्षीची कामं जूनमध्येच आणून द्या.

येताना तीन गोष्टी आणा: गेल्या वर्षीची छापील प्रत, यंदाच्या पाहुण्यांचं नाव-पद एका कागदावर, आणि सही करायचा अधिकार ज्यांना आहे त्यांचा मोबाइल नंबर. लाल पेन काउंटरवर ठेवलेलं असतं. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, त्या वेळी बसायलाही जागा मिळते.