बांधकाम कामगार नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडतो

गेल्या आठवड्यात लांज्याकडचे एक गवंडीकाका राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून तिसऱ्यांदा परत आलेला नोंदणीचा अर्ज घेऊन आले. वीस वर्षं चिऱ्याच्या भिंती उभ्या करतायत, सिमेंटने बोटांना भेगा पडल्यात, पण कागदावर ते कामगारच नाहीत. अडलं होतं नेहमीच्याच ठिकाणी, 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यावर.

अट अशी: वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम. हे दिवस सलग हवेत किंवा एकाच ठेकेदाराकडचे हवेत, असं कायदा म्हणत नाही. आपल्याकडे पावसात काम बंद, मग गणपती. म्हणून 'आमचे दिवस भरत नाहीत' असं समजून कित्येक जण अर्जच करत नाहीत. अहो, अर्जाच्या तारखेपासून मागे वर्ष मोजायचं. ऑक्टोबर ते मे कामावर असाल तर नव्वद कधीच होऊन गेले.

दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा, शहरात नगरपरिषदेचा. ठेकेदार सही टाळतो, कारण बांधकाम खर्चावरचा 1 टक्का उपकर मागे लागेल ही धास्ती. ग्रामसेवक म्हणतात, 'तुम्ही काम केलंत हे मी कसं सांगू?' दोघांचंही खरं, मेला मात्र कामगार! यावर एक साधी वही ठेवा: तारीख, घरमालक, ठेकेदार, गाव. ती समोर ठेवली की सही मिळायला सोपं जातं. दाखल्यावर जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का बघितल्याशिवाय तिथून उठू नका.

आधार, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, फोटो, बँक पासबुक ही बाकीची कागदपत्रं. आधारवर नुसतं जन्मसाल असेल तर आधी ते दुरुस्त करा.

चिरेखाणीवरच्यांनी जरा थांबा. बांधकाम कामगारांच्या कायद्यातून खाणीवरचं काम वगळलेलं आहे. म्हणजे चिरा काढणारा केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, तोच चिरा भिंतीत बसवणारा राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे, आणि मासळी प्रक्रियेच्या कारखान्यातली बाई राज्याच्याच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. खाणमालकाचा दाखला जोडून मंडळाकडे गेलात तर अर्ज परत येईल.

'पण माझं ई-श्रम कार्ड आहे की!' हे रोज ऐकतो. तो बारा अंकी क्रमांक केंद्राच्या, 2021 साली सुरू झालेल्या असंघटित कामगारांच्या यादीतला. तो असला तरी मंडळाकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.

नोंदणी वर्षभराचीच असते. नूतनीकरणाला पुन्हा 90 दिवसांचा दाखला लागतो. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख मिळतात, पण नोंदणी चालू असेल तरच. आमच्या बाजूचा एकजण मे महिन्यात परांचीवरून पडला. त्याची नोंदणी मार्चमध्येच संपली होती.