क्लस्टर कोणत्या साधनाने चालवायचा?

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात आता ऑर्डर, गोदाम, बिलं सगळं एका डेटाबेसवर चालतं. तो बंद पडला की गेटवर ट्रक खोळंबतात. म्हणून दोन सर्व्हर घेतात: एक काम करतो, दुसरा तयारीत असतो. अशा जोडीला क्लस्टर म्हणतात. वर्षातला 99.9 टक्के वेळ सेवा चालू ठेवायची म्हटलं तर पावणेनऊ तासांची सूट मिळते. 99.99 टक्के म्हटलं की जेमतेम 53 मिनिटं. फोन येईल, मग कुणीतरी गाडी काढून येईल, एवढा वेळच हाताशी नसतो.

लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी दोन प्रोग्राम मिळून करतात. कोणता सर्व्हर जिवंत आहे, याची सतत चौकशी कोरोसिंक करतो. कोणती सेवा कुठे चालवायची, ते पेसमेकर ठरवतो. पेसमेकरची सारी माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी भरलेल्या किचकट मजकुरात, लिहिलेली असते आणि तिची प्रत प्रत्येक सर्व्हरवर असते. ती हाताने लिहिणं ही शिक्षाच. म्हणून साधनं आली. सुसे आणि रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपन्या. सुसेवाल्यांकडे कमांडवर चालणारं सीआरएम शेल आणि ब्राउझरमध्ये चालणारा हॉक, रेड हॅटवाल्यांकडे कमांडचंच पीसीएस.

यांतलं भारी कोणतं, यावर जाणकार तावातावाने भांडतात. पण शेवटी सगळी साधनं त्याच एक्सएमएलमध्ये लिहितात. साधन बदललं म्हणून पेसमेकर जास्त शहाणा होत नाही. तेव्हा ज्या लिनक्सचा सपोर्ट विकत घेतला आहे, त्याच्यासोबत आलेलं साधन वापरावं. रात्री मदत मागाल तेव्हा समोरचा त्याच भाषेत बोलेल.

फरक असतो तो कामाच्या पद्धतीत. सीआरएम शेलमध्ये आत शिरून बदल साठवत जायचं आणि शेवटी कमिट केलं, म्हणजे पक्के केले, की ते एकदम लागू होतात. पीसीएसची प्रत्येक कमांड एरवी तिथल्या तिथे लागू होते. आधी फाइलवर तयारी करून मग ती क्लस्टरवर चढवायची सोय त्यातही आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. हॉकसारखी स्क्रीन मला स्थिती पाहायला आवडते. बदल मात्र लिहिलेल्या कमांडनेच करावेत, कारण कमांड जपून ठेवता येते, दुसऱ्याला दाखवता येते. माऊसचे क्लिक तसे जपून ठेवता येत नाहीत.

सगळ्यात फसवी कमांड सेवा हलवण्याची. देखभालीसाठी तुम्ही सेवा पहिल्या सर्व्हरवरून हलवता. कुठे जायचं ते सांगितलं नाही, तर पेसमेकर 'पहिल्या सर्व्हरवर जायचं नाही' अशी बंदी लिहून ठेवतो. देखभाल संपते, बंदी तशीच राहते. पुढे कधीतरी दुसरा सर्व्हर कोसळतो, पहिला ठणठणीत असतो आणि तरीही सेवा कुठेच सुरू होत नाही! पीसीएसच्या 0.11 आवृत्तीपासून ही बंदी आपोआप निघते. सीआरएम शेलमध्ये ती क्लिअर करण्याची, म्हणजे काढून टाकण्याची, आठवण आपणच ठेवायची.

फेन्सिंगच्या बाबतीत मात्र कोणतंही साधन तुम्हाला वाचवत नाही. दोन सर्व्हरमधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटतं की दुसरा मेला. मग दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता एकाच खातेवहीत लिहावं, तसे दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतात. डेटाची वाट लागते. म्हणून सेवा उचलण्याआधी एक सर्व्हर दुसऱ्याचा वीजपुरवठा तोडतो, तेच फेन्सिंग. ते बंद करायला सीआरएम शेल आणि पीसीएस दोन्हींत एकच ओळ पुरते, आणि 'चाचणीपुरतं' म्हणत ती ओळ सर्रास लिहिली जाते. मला विचाराल तर साधनांची तुलना करण्यात घालवलेला वेळ इथे लावावा.

शिवाय संपर्क तुटल्यावर कुणी चालू राहायचं, हे सर्व्हरांच्या मतांच्या बहुमताने ठरतं. दोनच सर्व्हर असतील, तर बहुमत कुणाचं हा प्रश्न राहतोच. कोरोसिंकमध्ये त्यावर तिसऱ्या मताची सोय आहे. त्यासाठी डेटाबेस न चालवणारं एक साधं मशीन पुरतं. कारखाना अंबडला असेल, तर ते नाशिक रोडच्या ऑफिसात ठेवा. दोन्ही सर्व्हरच्या शेजारी, त्याच यूपीएसवर ठेवू नका.