फुगलेलं अंडं आणि दोन मिनिटांची लाट

जुलैची झड लागली की भंडारा-गोंदियाकडच्या मत्स्यबीज केंद्रांवर रात्रीची झोप उडते. संध्याकाळी विणीसाठी संप्रेरकाचं इंजेक्शन दिलेल्या रोहूच्या माद्या उजाडायच्या आत हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीच्या पेटीत, अंडी सोडतात. (हे इंजेक्शनाचं तंत्र आपल्या माशांवर पहिल्यांदा साधलं ते ओडिशातल्या अंगुलला, 10 जुलै 1957 रोजी, मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींना. तोवर रोहू-मृगळ बंद तळ्यात विणतच नसत.) मोहरीएवढं अंडं पाण्यात पडतं आणि बघता बघता भिजल्या साबुदाण्याएवढं होतं.

मला वाटलं, फुगलं म्हणजे काम झालं. हापा धरून उभे असलेले ढिवरकाका हसले. "फुगलं म्हणजे पिलू आलं असं नसते ना बाप्पा. सकाळी पांढरं पडलं तं गेलं समजा."

काका म्हणाले ते खरंच आहे, आणि त्याचं कारण कॅल्शियममध्ये आहे. हाडांतलं, दुधातलं म्हणून आपण ओळखतो तेच कॅल्शियम. पेशीच्या आत मात्र ते मोकळं फिरू दिलं जात नाही. आपल्या रक्तात ते जेवढं मोकळं असतं, त्याच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाइतकं पेशीरसात असतं. बाकीचं आतल्या जाळीदार कोठारांत कोंडलेलं. अंड्याच्या कवचाला एकच बारीक भोक असतं. शुक्राणू त्यातून आत शिरला की तिथली कोठारं उघडतात. सुटलेलं कॅल्शियम शेजारच्या कोठाराला उघडायला लावतं, ते त्याच्या शेजारच्याला. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात तेव्हा आग पानावरून पानावर सरकते, तसंच. फरक एवढाच, की इथे राख होत नाही. कॅल्शियम पुन्हा कोठारांत भरलं जातं.

ही लाट माणसानं डोळ्यांनी पाहिली ती जपानी मेडाका माशाच्या अंड्यात. ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये एका जेलीफिशमधून कॅल्शियम लागताच उजळणारं प्रथिन वेगळं काढलं होतं. रिजवे, गिल्की आणि जाफे या शास्त्रज्ञांनी ते मेडाकाच्या अंड्यात टोचलं. 1977-78 सालच्या त्या प्रयोगांत उजेडाचा पट्टा अंड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. वेग सेकंदाला साधारण 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग), म्हणजे मिलिमीटरभराच्या अंड्याला दोनएक मिनिटं.

लाट जिथून जाते तिथे अंड्याच्या पृष्ठाखालच्या पुटकुळ्या फुटतात. त्यातला ऐवज कवचाखाली पाणी ओढतो, कवच ताणून वर उचललं जातं आणि कडक होतं. साबुदाणा होतो तो असा. अर्धवट थांबलेलं पेशीविभाजनही त्याच धक्क्यानं पुढे सुरू होतं.

गंमत अशी, की कार्प जातीच्या, म्हणजे रोहू-मृगळाच्या कुळातल्या माशांत नुसतं गोडं पाणी लागलं तरी अंडं जागं होतं. शुक्राणू आलेला असो वा नसो, अंडं फुगणार आणि शुक्राणूचं ते भोक मिटणार. शुक्राणूही पाण्यात मिनिटभर पोहून थकतो. म्हणून चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प) या माशांची अंडी हातानं दाबून काढतात तेव्हा घमेलं कोरडं ठक्क लागतं. आधी अंडी, त्यावर नराची दुधी (शुक्राणूंचा पांढरा द्रव), मग पिसानं हलक्या हातानं कालवणं, आणि पाणी शेवटी. पाण्याचा थेंब आधी पडला तर अंडी फुगलेली, तरी पोचट.

आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत एका लाटेवर भागत नाही. उंदराच्या अंड्यात ती काही मिनिटांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा उठते, कित्येक तास. काडी लावतं ते शुक्राणूनं सोबत आणलेलं प्रथिन, पीएलसी-झीटा. त्याचा शोध 2002 मधला.

माशाच्या अंड्यात पुढेही कॅल्शियम स्वस्थ बसत नाही. एका पेशीच्या दोन होताना जिथे खाच पडते, नेमकं तिथेच ते वाढतं. झेब्राफिशच्या गर्भात हे दिसलं आहे. हाप्यात हे दिसत नाही. तिथे सकाळी काका फक्त ओंजळभर अंडी उजेडाकडे धरतात. काचेसारखी किती, पांढरी किती. त्या दिवशी पांढरी थोडीच होती, आणि दुपारपर्यंत काचेच्या गोळ्यांत शेपट्या हलायला लागल्या होत्या.