‘विजया’ची वीज नव्हे, नुसता ‘स’

फोनवर ब्लूटूथ सुरू केलं की दिसणारी खूण म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या रून लिपीतल्या ‘ह’ आणि ‘ब’चं जोडाक्षर आहे. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ, त्याची ही आद्याक्षरं. याच लिपीतला ‘स’ दोनदा लिहिला की हिटलरच्या एसएस दलाची, कॉलरवर दोन विजांसारखी दिसणारी, ‘विजया’ची म्हणून मिरवलेली खूण होते. ‘त’ आज नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट या नवनाझी संघटनेच्या चिन्हात आहे. त्यामुळे रून म्हणजे ओडिन या जुन्या नॉर्स देवाच्या भक्तांची मंत्रलिपी, असा समज रुजला आहे.

मुळात ही एक वर्णमाला. पहिल्या सहा अक्षरांवरून तिचं नाव फुथार्क. जुन्या फुथार्कमध्ये 24 अक्षरं होती. ती बरेचदा लाकडावर सुरीनं कोरत. लाकडाच्या रेषांना समांतर आडवी चीर दिली तर ती त्या रेषांत हरवते किंवा कपची उडते. म्हणून बहुतेक सगळ्या रेघा उभ्या किंवा तिरक्या. (जुन्या काही लेखांत गोलसर वळणंही सापडतात, तेव्हा हे सरसकट खरं नाही.) ‘स’ नागमोडी: कधी तीन रेघांचा, कधी चार, कधी त्याहून जास्त. उजवीकडून डावीकडे लिहिलं की तोंड उलट. ठरलेलं एकच रूप असं नव्हतंच.

आठव्या शतकाच्या सुमारास गंमत झाली. बोलीतले स्वर वाढत होते आणि अक्षरं मात्र 24 वरून 16 वर आली. एकच ‘क’ क आणि ग दोन्हींसाठी, एकच ‘त’ त आणि द साठी, तर ‘उ’ हा उ, ओ, व यांना मिळून एक. व्यंजनाआधीचं अनुनासिक बरेचदा गाळलेलं. त्यामुळे हाराल्डच्या डेन्मार्कमधल्या येलिंग इथल्या शिळेवर ‘कोनुंगर’ (राजा) हा शब्द ‘कुनुक्र’ असा कोरला आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराविना मोडी वाचणाऱ्याला ही कसरत ओळखीची वाटेल. याच काळातल्या आखूड रेघांच्या शैलीत ‘स’ म्हणजे अर्ध्या उंचीची एक उभी रेघ! कॉलरवर मिरवावी अशी वीज तिच्यात शोधून सापडणार नाही.

मग ‘विजय’ आला कुठून? प्रत्येक रूनला, म्हणजे अक्षराला, त्याच ध्वनीनं सुरू होणारं नाव असे. ‘स’चं नाव सूर्य: नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत ‘सोल’, जुन्या इंग्रजीत ‘सिगेल’. व्हिएन्नातल्या गुइडो फॉन लिस्ट या गूढवादी लेखकावर 1902 साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर पट्टी असताना अंतर्दृष्टीला 18 रून दिसले, असा त्याचा दावा. 18च का, तर ‘हावामाल’ या जुन्या नॉर्स काव्यात 18 मंत्र आहेत म्हणून. त्याच्या यादीत सूर्याचा ‘सिग’ झाला. जर्मनमध्ये ‘झीग’ म्हणजे विजय. ‘वॅटिकन म्हणजे वाटिका’ हे आपल्याकडचं फॉरवर्ड याच कारखान्यातलं. पुढे 1930च्या दशकाच्या सुरुवातीला वाल्टर हेक या चित्रकारानं दोन ‘सिग’ शेजारी ठेवून एसएसचं चिन्ह केलं. नंतर जर्मन टाइपरायटरवर त्याची स्वतंत्र कळही आली. आज हे चिन्ह जाहीरपणे मिरवणं जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षणाला सूट आहे.

‘पेगन’, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचा, वारसा म्हणून छाती फुगवणाऱ्यांची खरी पंचाईत येलिंगची शिळाच करते. डॅनिश लोकांना आपण ख्रिश्चन केलं, असं हाराल्ड तिच्यावर रून लिपीतच सांगतो. स्वीडनमधल्या अकराव्या शतकातल्या कितीतरी रूनशिळांवर क्रूस आहे आणि ‘देव त्याच्या आत्म्याला साहाय्य करो’ अशी प्रार्थना.

रून पुढेही चालले, तेही बाजारात. नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्यावर 1955 साली आग लागली आणि त्यानंतरच्या उत्खननात शेकडो कोरीव काड्या निघाल्या. काही मालाच्या गोणीला बांधायच्या चिठ्ठ्या, मालकाच्या नावासकट. एका काडीवर लिहिलंय: ‘ग्यूदा म्हणते, तू घरी जा.’ मागच्या बाजूला कुणीतरी काहीतरी खरडलंय, पण त्या अक्षरांचा अर्थ लागत नाही.