क्यूआर संकेतयुक्त पाठ्यपुस्तक

क्यूआर संकेतयुक्त पाठ्यपुस्तक : पाठालगत छापलेला चौकोनी संकेत मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचताच त्या पाठाची ध्वनिफीत, चित्रफीत, स्वाध्याय किंवा शिक्षकांसाठीची टिपणे उघडतील, अशी सोय असलेले छापील शालेय पुस्तक. शासकीय व्यवहारात ‘एनर्जाइज्ड टेक्स्टबुक’ अशी इंग्रजी संज्ञा चालते. तिला मराठीत रुळलेला पर्याय नाही. शाळेत मात्र सगळे ‘कोड’ एवढेच म्हणतात. ई-पुस्तकाहून हा प्रकार वेगळा आहे. येथे पुस्तक कागदाचेच राहते आणि मोबाइल नसला तरी पाठ वाचता येतो.

संकेताची घडण : क्यूआर संकेत १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. कारखान्यातील भागांच्या नोंदी ठेवण्यास उभ्या रेषांचा बारकोड अपुरा पडू लागला होता. ‘गो’ या पटावरच्या खेळातील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून ही मांडणी सुचली, असे हारा सांगतात. कंपनीने स्वामित्वहक्काचा आग्रह धरला नाही. पुढे शाळेच्या पुस्तकापर्यंत हा चौकोन फुकट येऊ शकला, त्याचे मूळ येथे आहे.

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठी चौकट-चिन्हे असतात. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण सहसा आढळत नाही, याची आधी पडताळणी करूनच ते निवडले गेले. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण तेथे संकेताभोवती अक्षरे आणि चित्रे यांची गर्दी असते. तरीही चारी बाजूंनी किमान चार घरांइतकी (घर म्हणजे संकेतातील एक छोटा काळा वा पांढरा चौरस) कोरी जागा सोडावी लागते. सर्वांत लहान संकेत २१ × २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा असतो. घरे वाढतील तशी ती बारीक होतात व स्वस्त कागदावर शाई पसरून एकमेकांत मिसळण्याचा धोका वाढतो. म्हणून पुस्तकातील संकेतात मजकूर जितका कमी, तितका तो टिकाऊ. तीस-पस्तीस अक्षरांचा संकेतस्थळाचा पत्ता २९ × २९ घरांत मध्यम पातळीच्या दुरुस्तीसह सहज मावतो.

दुरुस्ती म्हणजे खराब झालेला भाग उरलेल्या भागावरून गणिताने भरून काढणे. त्यासाठी १९६० मध्ये अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी मांडलेली पद्धत वापरतात. तिच्या चार पातळ्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ व ३० टक्के नुकसान भरून निघते. दुसरीतल्या मुलाने चौकोनावर बॉलपेनने डोळे-मिशा काढल्या, तरी संकेत बहुधा वाचला जातो. कोपऱ्यातील एखादे चिन्हच गिरवून टाकले, तर मात्र बहुतेकदा कॅमेऱ्याला संकेताचा ठावच लागत नाही.

चित्रफीत संकेतात साठवलेली नसते, त्यात केवळ पत्ता असतो. संकेत थेट एखाद्या चित्रफितीकडे नेत असेल आणि ती काढून टाकली गेली, तर पुस्तकातील चौकोन निरुपयोगी होतो. ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय ऑनलाइन मंचाने मध्ये एक पायरी घातली. प्रत्येक संकेतास सहा अक्षर-अंकांची खूण दिली जाते आणि त्या खुणेमागे कोणते साहित्य जोडायचे, ते मंचावर ठरते. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापता साहित्य बदलता येते. कॅमेरा बिघडलेला असल्यास ही खूण हाताने टंकूनही साहित्य मिळते.

श्रेयाचा प्रश्न : वृत्तपत्रीय लेखनात सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा उल्लेख या पद्धतीचे जनक म्हणून होतो. ते २००९ मध्ये या शाळेत रुजू झाले. त्यांनी पुस्तकांत कविता, व्याख्याने, गोष्टी व गृहपाठ यांचे संकेत जोडले. वार्की फाउंडेशनच्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’च्या (२०२०) निवेदनानुसार राज्यात हा प्रयोग प्रथम याच शाळेत झाला आणि यशस्वी चाचणीनंतर २०१७ मध्ये राज्य शासनाने पहिली ते बारावीच्या पुस्तकांसाठी तो स्वीकारल्याचे जाहीर केले. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम डिसले यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

दुसरी बाजू ‘दीक्षा’ची. हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. त्यामागील ‘सनबर्ड’ ही मुक्त आज्ञावली एकस्टेप फाउंडेशनच्या पुढाकाराने घडली. तमिळनाडूनेही २०१८ च्या नव्या पुस्तकांत संकेत छापले आणि त्याच वर्षी एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तक संस्थेच्या पुस्तकांसाठी तशी घोषणा झाली. दोन्ही बाजूंची वर्षे इतकी लगतची आहेत की, केवळ सनावळीवरून निकाल लावणे सयुक्तिक वाटत नाही. वर्गातील प्रयोग आणि राज्यव्यापी यंत्रणा या दोन निराळ्या गोष्टी मानणे अधिक योग्य ठरेल. पहिलीचे श्रेय परितेवाडीकडे जाते. आज बालभारतीच्या पुस्तकात दिसणारी सहा अक्षरांची खूण मात्र दुसरीची देणगी आहे.

प्रसार व मर्यादा : महाराष्ट्रात पुण्याच्या बालभारतीने (स्थापना १९६७) हे संकेत आपल्या पुस्तकांत घेतले. त्याआधी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ (२०१५) या कार्यक्रमाच्या काळात अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले होते, त्यामुळे जमीन काहीशी तयार होती. करोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेतून ‘दीक्षा’वरील दुवे रोज पालकांच्या व्हॉट्सॲपवर जाऊ लागले. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या स्थितीवरील पाहणीत शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे ग्रामीण प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. तो फोन बहुधा वडिलांचा असतो आणि दिवसभर त्यांच्याबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. फोन नसलेल्या मुलांपर्यंत दूरदर्शनमार्गे पोहोचणे हा तिचा हेतू होता.

ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ‘दीक्षा’ ॲप मुलांचे ठिकाण टिपू शकते, असा आक्षेप नोंदवला. संकेतांमुळे मुलांच्या संपादणुकीत नेमका किती फरक पडला, याविषयीची चर्चा बहुतांशी शिक्षकांच्या अनुभवकथनापुरती राहिली आहे. मंचावरील साहित्य आधी उतरवून घेऊन इंटरनेटविना दाखवता येत असल्याने, रेंज नसलेल्या वाडी-वस्तीवरील शिक्षकांना तालुक्याच्या गावी पाठ फोनमध्ये भरून आणून दुसऱ्या दिवशी वर्गात लावता येतो. अशा वर्गात पुस्तकातील चौकोनाकडे कॅमेरा वळवण्याची वेळच येत नाही.