'घाशीराम कोतवाल'मधलं खरं आणि कल्पित

१९८० साली पुण्याच्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेचा संच विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक घेऊन युरोपला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून मोठा गदारोळ झाला. परदेशात नाना फडणवीसांची आणि पर्यायाने महाराष्ट्राची बदनामी होईल, असा आक्षेप होता. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की प्रयोगाआधी खरे नाना कोण होते हे सांगणारं निवेदन वाचून दाखवायचं. आधी इतिहास, मग नाटक. या तोडग्यामागे एक समजूत होती. इतिहास एका बाजूला, कल्पित दुसऱ्या बाजूला, आणि मधली रेघ स्वच्छ दिसते अशी. घाशीरामाच्या गोष्टीत ती रेघ कुठून जाते, ते पाहण्यासाठी १७९१च्या पुण्यात जावं लागतं.

घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तरेकडचा, कनोजी ब्राह्मण. औरंगाबादकडून तो पुण्यात आला, नानांच्या मर्जीत बसला आणि १७७७ साली शहराचा कोतवाल झाला. कोतवाली म्हणजे नुसते पहारे नव्हेत. वजनमापं, खरेदीविक्रीच्या नोंदी, गुन्हेगारांचा दंड, रात्रीची गस्त, सगळं त्या कचेरीत येई. चौदा वर्षं हा अधिकार एका माणसाच्या हाती राहिला. लोकांचा त्याच्यावरचा राग किती साचला होता, ते ऑगस्ट १७९१च्या अखेरीस दिसलं.

श्रावणातल्या दक्षिणेसाठी तेलंगणातून आलेले काही ब्राह्मण परतीच्या वाटेवर होते. कोतवालाच्या बागेतली फळं त्यांनी तोडली, म्हणून शिपायांनी त्यांना चोर ठरवून पकडलं आणि तळघरात कोंडलं. जागा अपुरी, हवा नाही. मराठा सरदार मानाजी फाकडे यांनी दार उघडवलं तोवर एकवीस जण गुदमरून मेले होते. ब्राह्मणांचा जमाव वाड्यापुढे बसला, हटेना. अखेर घाशीरामाची शहरातून धिंड निघाली आणि ३१ ऑगस्टला जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्या वेळी पुण्यात इंग्रजांचा वकील असलेल्या मॅलेटनेही या प्रकाराची हकीकत लिहून ठेवली आहे.

कागदोपत्री भक्कम आहे तो भाग एवढाच: नेमणूक, कोंडलेली माणसं, मृत्यू, धिंड, दगड. नानांना हा माणूस का हवा होता, त्याच्या जुलमाची त्यांना किती खबर होती, शेवटच्या दिवशी त्यांनी त्याला जमावाच्या हाती का दिलं, या प्रश्नांपाशी कागद थांबतात. नाटक नेमकं तिथून सुरू होतं.

घाशीरामावर गोष्ट रचणारे विजय तेंडुलकर पहिले नव्हेत. १८६३ सालीच मोरोबा कान्होबा यांनी 'घाशीराम कोतवाल' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. जुलमी कारभाराला 'घाशीरामी' म्हणण्याची चाल भाषेत रुळली होती. म्हणजे तेंडुलकरांच्या हाती आली ती शंभर वर्षं लोकांच्या तोंडी फिरलेली, वाढलेली, घोटलेली कथा. मग त्यांनी काय केलं? घाशीरामाला अपमानाचं कारण दिलं. परका म्हणून पुण्यात आलेला, चोरीच्या आळाखाली मार खाल्लेला, सूड उगवायचा पण केलेला माणूस उभा केला. त्याच्या मुलीला, गौरीला, सौद्यातली वस्तू केलं: नानांना मुलगी, बापाला कोतवाली. चौदा वर्षांचा कारभार नाचत, गात, धावत दोन तासांत आणून बसवला. यातला मुलीचा सौदा हाच वादाचा गाभा. तो इतिहास म्हणून सिद्ध झालेला नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. नाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते कधीकधी गुळमुळीत सांगितलं, याचं मला वाईट वाटतं. त्याने नाटकाचं काहीच बिघडत नाही.

कारण हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकरांनी स्वतःच म्हटलं होतं. एखादी समाजस्थिती घाशीराम घडवते, वापरते आणि काम झालं की टाकून देते. ती ना जुनी ना नवी, असा त्यांचा रोख होता. रंगमंचावरही हे लपवलेलं नव्हतं. बारा माणसांची ओळ भिंत होते, गर्दी होते, गुपित होते आणि पुन्हा भिंत होते. कीर्तन, लावणी, दशावताराच्या वळणाने गोष्ट पुढे सरकते. जे नाटक पहिल्या क्षणापासून 'आम्ही खेळ मांडतोय' असं गाऊन सांगतं, ते दस्तऐवज असल्याचा आव आणत नाही.

तरीही दुखावलेल्यांचं म्हणणं झटकून टाकण्याजोगं नव्हतं. एखादं कल्पित नाव घेतलं असतं तर हीच समाजस्थिती दाखवता आली नसती का, असा त्यांचा प्रश्न होता. खऱ्या माणसाचं नाव घेतलं की त्या नावाची सगळी ताकद नाटकाला मिळते. मग त्या नावाशी असलेली बांधिलकी नाकारता येते का? माझं उत्तर असं, की नानांशिवाय हे नाटक दुबळं झालं असतं, आणि म्हणूनच नाटककाराची जबाबदारी वाढत होती. तेंडुलकरांनी ती आपलं कल्पित उघड मान्य करून पेलली.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना झाले मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग त्यातल्या मंडळींनी बाहेर पडून थिएटर अकादमी काढली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले.

या वादाआधीची शंभर वर्षं पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. मराठी ऐतिहासिक नाटक आणि मराठी इतिहाससंशोधन एकाच वेळी जन्मले नाहीत. नाटक आधी आलं. विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१चं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१०ची. तोवर नाटककाराच्या हाती बखरी आणि ग्रँट डफने इंग्रजीत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू'मध्ये केशवशास्त्री हे पात्र घातलं, ज्याच्यावर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधल्या खलनायकाची, इयागोची, सावली आहे. तो पेशवा १७९५ साली शनिवारवाड्यात वरून खाली पडला. उडी की अपघात, हा वाद आजही आहे. खाडिलकरांनी त्या रिकाम्या जागेत एक माणूस उभा केला. त्याबद्दल त्यांना कुणी कोर्टात खेचलं नाही.

छत्रपती संभाजी महाराजांच्या बाबतीत मात्र मामला जास्त गंभीर आहे, आणि त्याची किंमत नाटकवाल्यांपेक्षा महाराजांच्या स्मृतीने जास्त मोजली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. म्हणजे महाराजांच्या १६८९मधल्या हत्येनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास लिहिलेली. लिहिणारा शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचा वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. या बखरीतला व्यसनी, बेफिकीर राजा पुढे पिढ्यान्पिढ्या उतरत गेला. महाराजांच्या प्रेमकथा रचल्या गेल्या, त्यांत थोरातांची कमळा आली, तुळसा आली, आणि राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' त्याच वळणाचं झालं. गडकरी १९१९ साली गेले. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागद चाळून लिहिलेलं महाराजांचं चरित्र आलं १९६० साली. त्यात 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी अनेक आघाड्यांवर लढणारा राजा समोर आला, आणि कमळेची कथा बिनबुडाची ठरली. रंगभूमीनेही मग कूस बदलली. वसंत कानेटकरांचं संभाजी महाराजांवरचं 'इथे ओशाळला मृत्यू' १९६८चं.

इथे नाटककाराने जाणूनबुजून खोटं रचलं, असं म्हणता येत नाही. त्याला जे इतिहास म्हणून मिळालं, तेच कुणाचं तरी जुनं वैर होतं. तेंडुलकरांच्या कल्पितापेक्षा मला हे जास्त घातक वाटतं, कारण यात प्रेक्षकाला सावध करायला कुणीच नसतं. जानेवारी २०१७ मध्ये पुण्यात गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. बखरीची चूक अशी दुरुस्त होत नाही. ती दुरुस्त केली बेंद्र्यांनी, दफ्तरखान्यात बसून.

नानांकडे परत येताना एक कागद आठवतो. त्यांनी स्वतःचं छोटं आत्मचरित्र लिहिलं आहे, पानिपतापर्यंतचं. तरुणपणातल्या स्वतःच्या कामवासनेची कबुली त्यात त्यांनी कुणी न विचारता दिली आहे. त्यावरून गौरीचा सौदा सिद्ध होत नाही, मुळीच नाही. पण प्रयोगाआधीच्या निवेदनात ज्या निष्कलंक मुत्सद्द्याची ओळख करून द्यायची होती, तोही पुरता खरा नव्हता. खुद्द नानांनीच त्याला दुजोरा दिला नसता. नानांच्या अब्रूवर दोन्ही बाजूंनी इतकं बोललं गेलं. तळघरात मेलेल्या त्या एकवीस जणांची बाजू मात्र कुणी फारशी घेतली नाही. नाटकात त्यांच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात. माझ्या मते ती या सगळ्या नाटकातली सर्वांत खरी मिनिटं आहेत.